सर्व्हरची चावी मालकाच्या तिजोरीत हवी
आमच्या पेढीचा संगणक सांभाळणारा पोरगा नोकरी सोडून गेला आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्डही त्याच्याबरोबर गेला. चार दिवस ना बिल निघाले, ना कुणाची उधारी कळली. दोष त्याचा नाही. गल्ल्याची चावी मी कधी एकट्या नोकराकडे सोपवली असती का?

जाणकाराने विंडोजची इन्स्टॉलेशन डिस्क लावून मशीन सुरू केले आणि नवा पासवर्ड घातला. म्हणजे मशीन ज्याच्या हाताशी, त्याला ते उघडता येतेच. खोलीला कुलूप हवे. डिस्कवर बिटलॉकर असते, तर 48 आकडी रिकव्हरी कीशिवाय सारा हिशेब बुडाला असता. (बॅकअपही नव्हता, कबूल करतो.)

बांधवांनो, की आणि पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून तिजोरीत ठेवा. दुसरे अ‍ॅडमिन खाते घरच्या माणसाच्या नावे आजच उघडा.