तपासणीपूर्वीच ठरलेला दोष

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या नॉर्विच शहरात ऑक्टोबर २००४मध्ये बदली शिक्षिका म्हणून सातवीच्या वर्गावर आलेल्या एका स्त्रीसमोरील संगणकावर अश्लील चित्रे एकामागून एक उमटत गेली आणि मुलांना अपाय होईल अशी परिस्थिती निर्माण केल्याच्या चार आरोपांखाली ज्यूरीने, म्हणजे निवाडा देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, जानेवारी २००७मध्ये तिला दोषी ठरवले. या आरोपांची कमाल शिक्षा ४० वर्षांची होती. तो संगणक विंडोज ९८ या जुन्या प्रणालीवर चालत होता आणि अनुचित संकेतस्थळे अडवणाऱ्या गाळणीची मुदत संपली होती. स्पायवेअर, म्हणजे वापरणाऱ्याच्या नकळत संगणकात शिरणारी आज्ञावली, तेथे आहे काय याचा शोधच तपासात घेतला गेला नाही, आणि ही हयगय क्षम्य मानता येत नाही, कारण पान उघडल्याची नोंद ते कोणी उघडले हे सांगत नसते. पॉप-अप, म्हणजे आपोआप उघडणारी खिडकी, हीदेखील तशीच नोंद मागे ठेवते. संगणक बंद करू नये अशी सूचना आपल्याला होती, हे त्या शिक्षिकेचे म्हणणे तर कोणी गांभीर्याने घेतलेच नाही.

पुढे स्वतंत्र संगणकतज्ज्ञांनी पुराव्याची फेरतपासणी केली, राज्याच्या प्रयोगशाळेच्या निष्कर्षांनीही खटल्यातील तांत्रिक साक्षीला छेद दिला आणि जून २००७मध्ये न्यायालयाने निकाल रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. तो खटला कधीच चालला नाही. सरकार पक्षाने निर्दोषत्व मान्य करण्याऐवजी तडजोड पुढे केली आणि नोव्हेंबर २००८मध्ये, प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत, तिने सार्वजनिक गैरवर्तनाचा किरकोळ गुन्हा कबूल करून १०० डॉलर दंड भरला आणि अध्यापनाचा परवाना कायमचा परत केला.