माफी कुणाकडे मागायची?

धडगाव-अक्कलकुव्याकडे एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळतात, आणि वर तिलाच सांगतात, "झालं गेलं विसर." माफीची घाई गावाला!

मला ज्यूंचा योम किप्पुर आठवतो. प्रायश्चित्ताचा हा उपवास आपल्या कोकणातले बेने इस्राएलही पाळतात. पण त्यांचा प्राचीन ग्रंथ मिश्ना बजावतो, माणसाचा अपराध केला असेल तर त्याची समजूत घातल्याशिवाय उपवास फळत नाही. १२व्या शतकातला मायमोनिडीस म्हणतो, नुसती भरपाई पुरत नाही, क्षमाही मागा. कबुली चारचौघांत द्या. तीनदा विनवूनही माफ न करणारा दोषी, हे त्याचं म्हणणं मात्र मला पटत नाही. तिच्यावर ती सक्ती का?

२०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली खटला चालवाच. शिवाय जिथे डाकीण म्हणालात, त्याच पाड्यावर, सगळ्यांदेखत, तिच्यासमोर कबूल करा.