बरणीतील अंजीर आणि अरिष्टाची प्रतिष्ठा

रहाटणी परिसरात चाकण, तळवडे व हिंजवडी येथे नोकरी करणारी अनेक तरुण कुटुंबे राहतात. त्यांतील काही घरांत एक नवा छंद रुजला आहे. काचेच्या बरणीत पुरंदरचे अंजीर, जांभळे किंवा संत्र्याची साल घालून वर व्हिस्की ओतावयाची, ती काही दिवस मुरू द्यावयाची आणि गाळून, साखरेचा पाक, लिंबू व सोडा मिसळून कॉकटेल करावयाचे. इथवर हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. परंतु मद्यपानाविषयी विचारले असता रुग्ण 'वैद्यराज, हे तर तुमच्या द्राक्षारिष्टासारखेच' असे म्हणतो, तेव्हा तो आपला प्रश्न होतो. अशा वेळी हसून मान डोलावणे म्हणजे स्वतःच्याच शास्त्राचे नुकसान करणे होय.

प्रथम प्रक्रिया पाहू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायात ८४ आसव गणले. त्यांत फलासव २६ आहेत. तेथे फळ ही आसवयोनी आहे. संधानाने द्रव्यातच मद्य उत्पन्न होते. द्राक्षारिष्टातही द्राक्षांचा क्वाथ, गूळ व धातकीपुष्पे यांचे संधान होते. बरणीत मात्र संधान नाही. ऊर्ध्वपातनाने आधीच तयार झालेल्या मद्यात फळ केवळ आपला रंग, गंध व रस सोडते. तेथे फळ योनी नव्हे, पाहुणा आहे.

आता मात्रा. अरिष्टात मद्यार्काचे प्रमाण साधारणतः ५ ते १० टक्के असते. भोजनोत्तर समभाग जलासह दिलेल्या ३० मि.लि. अरिष्टातून फार तर ३ मि.लि. मद्यार्क पोटात जातो. आपल्याकडील व्हिस्कीत तो ४२.८ टक्के असतो, म्हणजे ६० मि.लि.मध्ये २५ मि.लि.हून अधिक. फळातील पाण्याने ही तीव्रता किंचित उतरते. पण गोडव्याने तीक्ष्णता झाकली जाते, आणि दुसरा पेला सहज भरला जातो.

शास्त्राने मद्याची स्तुतीही केली आहे, हा आक्षेप खरा आहे. तथापि ती युक्तीने केलेल्या सेवनाची आहे. त्याच मदात्यय-चिकित्सेच्या अध्यायात मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध असल्याचे सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे स्पष्ट केले.

औषध आणि दारू यांतील हा भेद कायद्यानेही मानला आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मधील मद्यार्कयुक्त औषधांवरील निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बलसारा खटल्यात अवैध ठरविले. आसवारिष्टांची ही प्रतिष्ठा आपणच थट्टेत घालवू नये.

म्हणून व्यवसायबंधू-भगिनींना विनंती आहे की, रुग्णाला लाजवू नये, पण संमतीही देऊ नये. किती, कितीदा आणि कोणत्या औषधांबरोबर, हे विचारून रुग्णपत्रिकेत नोंदवावे. मधुमेहाची किंवा झोपेची औषधे घेणाऱ्यास, तसेच यकृतविकाराच्या रुग्णास स्पष्ट नकार द्यावा. रात्रपाळीसाठी दुचाकीवरून चाकणला निघणाऱ्यालाही हेच सांगावे. बरणीत अंजीर असले तरी पेल्यात व्हिस्कीच असते, एवढे सांगण्याचा संकोच वैद्याने करू नये.