बिल्ला महाग, श्रम तोच

अमेरिकेतील ओल्डस्मोबील मोटारीची ख्याती तिच्या ‘रॉकेट’ इंजिनावर उभी होती. १९७७ साली मात्र ग्राहकांना कळून आले की, आपल्या नव्या गाडीत त्याच जनरल मोटर्स कंपनीच्या स्वस्त शेव्हरोलेचे इंजिन बसविले आहे. इलिनॉय राज्याच्या महाधिवक्त्याने खटला भरला आणि कंपनीला भरपाई देणे भाग पडले.

त्यातून धडा घेतला गेला नाही. १९८१ साली कॅडिलॅक सिमरॉन आली. शेव्हरोले कॅव्हेलियर ही तिची सख्खी बहीण. सांगाडा तोच, चार सिलिंडरांचे इंजिनही तेच. वर चामड्याची बैठक, मानाचा बिल्ला आणि हजारो डॉलरांची जादा किंमत. १९८८ मध्ये तिचे उत्पादन थांबले, पद्धत थांबली नाही. फोक्सवॅगन गोल्फ, स्कोडा ऑक्टाव्हिया व ऑडी ए-३ या गाड्याही एकाच पायावर उभ्या आहेत.

सुटे भाग समान असणे हा गुन्हा नव्हे. एकच साचा लाखो गाड्यांना चालला, तर पोलाद, श्रम आणि वेळ वाचतो; नियोजनाचा पुरस्कार करणाऱ्यांनाही तेच हवे. प्रश्न आहे तो ही बचत कोणाच्या पदरात पडते हा. बिल्ला बदलला म्हणून कामगाराची मजुरी वाढत नाही. वाढतो तो नफा. ग्राहकालाही वस्तूबरोबर शेजाऱ्याहून वरचढ असल्याचा भ्रम विकला जातो.

तेव्हा विरोध यंत्राला नको, लपवाछपवीला हवा. कोणता भाग कोणत्या गाडीचा, हे उघड सांगितले जावे. आणि बचतीत कामगाराचा व ग्राहकाचा हक्काचा वाटा असावा.