ओळखलंत का, सर?

२०२३ च्या नोव्हेंबरातली सकाळ. मोबाइल वाजला. अनोळखी नंबर.

"सर, ओळखलंत का?"

निवृत्त शिक्षकाला हा प्रश्न विचारून बघा! सगळी नोकरी रोह्यात झाली, घर पेणला. हजारो पोरं हाताखालून गेली. त्यातल्या एखाद्याने तीस वर्षांनी आठवण काढावी आणि आपण "नाही बुवा" म्हणावं, हे जिवावर येतं. मी म्हटलं, "आवाज ओळखीचा वाटतोय. धाटावहून यायचास तो तू ना?" आणि एक नावही घेतलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "हो सर, तोच!"

म्हणजे पाहा, नाव मी दिलं, गाव मी दिलं, त्याने फक्त हो म्हटलं. परीक्षेत पर्यवेक्षकानेच उत्तर सांगावं तसा प्रकार.

तो आता बँकेत होता म्हणे. माझा हयातीचा दाखला नोंदलेला दिसत नाही, पेन्शन अडकेल, तुम्हाला या वयात रांगेत कशाला उभं करू, घरबसल्या करून देतो. दाखला खरोखरच द्यायचा राहिला होता. त्याने सांगितला तो छोटा प्रोग्राम मी संगणकावर उतरवून घेतला, त्यावर दिसणारा आकडा त्याला वाचून दाखवला आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला. मला कौतुकच वाटलं. पेन्शन जमा झाली का बघू म्हणून त्याने बँकेचं पान उघडायला लावलं. मोबाइलवर ओटीपी आला. हा कोणालाही सांगू नका, असं त्याच एसएमएसमध्ये लिहिलेलं होतं. मी ते वाचलं. आणि ओटीपी सांगितला. 'कोणालाही' मध्ये आपला विद्यार्थी कसा येईल?

सौ. चहा घेऊन आली. माझ्या एका हातात मोबाइल, दुसऱ्यात चष्मा, आणि पडद्यावर बाण फिरतोय. "हे कोण चालवतंय?" एवढंच विचारून तिने सरळ भिंतीवरचं बटण बंद केलं. तोवर साडेअठरा हजार गेले होते.

मंडळी, त्या संगणकात अँटिव्हायरस होता. पासवर्ड लांबलचक होता, मुलाने ठेवून दिलेला. घर संगणकाचं असो की विटांचं, कुलूप हवंच, त्यात वाद नाही. पण आतून कडी मीच काढली.

याबाबतीत मी एकटा नाही, हे नंतर वाचताना कळलं. २७ जून २०१७ रोजी आमच्याच जिल्ह्यात, उरणजवळ न्हावाशेवा बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडियाचे संगणक बंद पडले आणि कंटेनर अडकून राहिले. हे टर्मिनल चालवणारी कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क समूहातली. तो समूह जगभर त्या दिवशी आडवा झाला. कारण होतं नॉटपेट्या. ते पसरलं कुठून? युक्रेनमध्ये हिशेबासाठी घरोघर, म्हणजे दुकानोदुकानी वापरल्या जाणाऱ्या एका प्रोग्रामच्या अपडेटमधून. ज्याच्यावर विश्वास होता, त्याच्याच हातून. मर्स्कला चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या यंत्रणेचा पाया असलेल्या एका सर्व्हरची प्रत फक्त घानामध्ये शाबूत राहिली, कारण नेमकी तेव्हा तिथली वीज गेली होती! आपण लोडशेडिंगला उगाच नावं ठेवतो. घानात वीज गेली, आमच्याकडे सौ.ला ती घालवावी लागली.

असो. मला राहून राहून एक वाटत होतं. मी शिक्षक होतो, पेन्शन घेतो, हे त्या माणसाला माहीत होतं. मग माझे कागद कुठे कुठे गेले, ते मी आठवायला बसलो. सिमकार्डचं दुकान, पतपेढी, लग्नाचा हॉल, तीर्थक्षेत्रातले दोन भक्तनिवास... सगळीकडे आधारची झेरॉक्स. कशाला हवी, असं एकदाही विचारलं नाही. विचारणं उद्धटपणाचं वाटतं. झेरॉक्सच्या दुकानात तर आपण व्हॉट्सअ‍ॅपवर कागद पाठवतो, तो माणूस छापून देतो, आणि ती फाइल तिथल्या संगणकात राहते. परवा एका दुकानात माझी फाइल शोधताना त्याने यादी उघडली. आधार, सातबारा, गुणपत्रिका, कोणाकोणाचे वैद्यकीय रिपोर्ट, सगळं एकाखाली एक. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पुसून टाकावं, एवढंच कोणी सांगितलेलं नव्हतं.

नॉटपेट्या आलं त्याच २०१७ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं: झेरॉक्स वाटेल तिथे देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रत द्या, सार्वजनिक संगणकावर आधार उतरवलंत तर पुसून टाका. दोन दिवसांत, चुकीचा अर्थ निघेल म्हणून, पत्रक मागे घेतलं! माझ्या मते इतकं शहाणपणाचं सरकारी पत्रक क्वचित निघतं. चार आकड्यांची ती प्रत आजही मिळते. मी तीच देतो. घेणारा कुरकुरतो, पण बहुतेक वेळा चालते.

आता माझी खरी चूक. पैसे गेल्यावर दोन दिवस मी कोणाला बोललो नाही. आयुष्यभर पोरांना शहाणपण शिकवलेला माणूस, सांगू कुठल्या तोंडाने? तिसऱ्या दिवशी मुलाने १९३० ला फोन लावला. ही मदतवाहिनी पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असताना मधेच गोठवायचा प्रयत्न करते. पळून गेल्यावर काय गोठवणार? काही परत आलं नाही. घरात कोणी फसलं, तर "तुम्हाला कळत कसं नाही" हे वाक्य तेवढं गिळा आणि आधी फोन लावा. त्या वाक्याच्या भीतीनेच मी गप्प होतो.

गेल्या महिन्यात फोन आला. "सर, ओळखलंत का?" आणि नाव तेच, जे मी चोराला दिलं होतं.

"नाही ओळखलं," मी म्हणालो. "फोन ठेव. शाळेतून तुझा नंबर मिळवून मी करतो."

मिळवला, केला. तोच होता. इकडचं तिकडचं बोललो, पण मध्येच त्याने विचारलंच, "सर, खरंच नाही ओळखलंत?"