विश्लेषण : मैदान सुटल्यावर पुढे काय? खेळाडू फिटनेस ट्रेनर, आहारतज्ज्ञ कसे होऊ शकतात?

पॅरिस ऑलिंपिकमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये कुस्तीपटू विनेश फोगाटचे वजन ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या दिवशी १०० ग्रॅमने जास्त भरले आणि ती अपात्र ठरली. खेळाडूचे वजन आणि आहार सांभाळणारे तज्ज्ञ त्यामुळे चर्चेत आले. त्याच महिन्यात केंद्राने निवृत्त खेळाडूंसाठी ‘रीसेट’ योजना सुरू केली. तिशीच्या आसपास मैदान सुटणाऱ्यांसाठी फिटनेस आणि आहार ही जवळची क्षेत्रे आहेत. मात्र दोन्हींच्या वाटा सारख्या नाहीत.

खेळाडूंची जमेची बाजू कोणती?

कुस्ती, बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग खेळलेल्यांनी वजन घटवताना जाणारी ताकद स्वतः अनुभवलेली असते. दुखापतीनंतर व्यायामाचा भार कधी वाढवायचा, हेही ठाऊक असते. जिममध्ये समोरच्याचा स्क्वॉट चुकला की त्यांच्या लगेच लक्षात येते.

फिटनेस ट्रेनर कसे होता येते?

ही वाट तुलनेने जवळची. ‘रीसेट’मध्ये २० ते ५० वर्षांच्या निवृत्त खेळाडूंसाठी दोन स्तर आहेत : बारावी व त्यापुढील आणि अकरावी व त्याखालील. फिटनेस ट्रेनर, स्ट्रेंथ अँड कंडिशनिंग ट्रेनर, योग प्रशिक्षक अशा कामांचे प्रशिक्षण त्यात आहे. पहिल्या टप्प्याची जबाबदारी ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्थेकडे देण्यात आली. सरावामुळे शिक्षण अर्धवट राहिलेल्यांना याचा उपयोग आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण ते सर्वांच्या वाट्याला येत नाही.

आहारतज्ज्ञ होण्यासाठी काय लागते?

येथे पदवीला पर्याय नाही. पोषणशास्त्र किंवा गृहविज्ञानाची पदवी, त्यानंतर पदव्युत्तर शिक्षण असा हा मार्ग आहे. ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ होण्यासाठी रुग्णालयातील प्रशिक्षण आणि इंडियन डाएटेटिक असोसिएशनची परीक्षाही आवश्यक असते. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात क्रीडा पोषणतज्ज्ञांचाही समावेश आहे.

केवळ अनुभव का पुरत नाही?

स्वतःला लागू पडलेला आहार दुसऱ्याला चालेलच असे नाही. ‘आयसीएमआर’च्या शिफारशीनुसार सामान्य प्रौढाला रोज किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांनाही किलोमागे १.६ ग्रॅमच्या वर विशेष फायदा होत नाही, असे २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा, असाही त्यांचा सल्ला आहे. पैलवानाचा खुराक मूत्रपिंडाच्या रुग्णाला सुचवला, तर त्याच्या जिवाशी खेळ होऊ शकतो.

दुसरा धोका डोपिंगचा. ‘वाडा’च्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये भारतात ५,६०६ नमुन्यांपैकी ३.८ टक्के दोषी आढळले. सप्लिमेंटमधून बंदी असलेला घटक नकळत शरीरात गेला, तरी जबाबदारी खेळाडूचीच असते. असा घटक देणाऱ्या प्रशिक्षकावरही कारवाई होऊ शकते.

मग खेळाडूंनी काय करावे?

खेळत असतानाच शिक्षण सुरू ठेवावे. ट्रेनर झालात तर व्यायाम शिकवावा आणि मधुमेह, मूत्रपिंडाचे विकार किंवा गरोदरपण असल्यास आहाराचा प्रश्न आहारतज्ज्ञ व डॉक्टरांकडे सोपवावा. मैदानावरील अनुभवामुळे ग्राहक विश्वास ठेवतो. तो विश्वास सार्थ ठरवायचा, तर शिक्षणाची जोड हवीच.