काना-मात्रेची हमाली

फुकट काम करणाऱ्यांतही वरिष्ठ आणि कनिष्ठ असतात, हा शोध मला फार उशिरा लागला. पगारी नोकरीत हेडक्लार्क आणि शिपाई यांच्यातलं अंतर समजू शकतं. तिथे प्रश्न खुर्चीचा असतो. पण जिथे कोणालाच दमडी मिळत नाही, तिथेही एक जण लोडाला टेकून बसतो आणि दुसरा जोड्यांपाशी उभा राहतो, याची मला मौज वाटते. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरच्या मांडवात ज्याने कोड लिहिला तो नवरदेव, ज्याने चित्रं काढली ती करवली, आणि ज्याने माहितीपुस्तिकेतल्या चुका, म्हणजे हल्ली ज्यांना 'टायपो' म्हणतात त्या, दुरुस्त केल्या तो पत्रावळी उचलणारा. मी या तिसऱ्या वर्गातला आहे, आणि पत्रावळी उचलणाऱ्यांच्या वतीने मला आज भांडायचं आहे.

मी वर्ध्यात बसून ज्या पुस्तिका तपासतो, त्या निरोप पाठवण्याच्या सॉफ्टवेअरच्या आहेत. नेहमीच्या निरोपात मधे एक कंपनी असते. तुमचा 'जेवलात का?' आधी तिच्या संगणकावर जातो आणि मग तुमच्या साडूकडे. ज्या सॉफ्टवेअरविषयी मी बोलतोय, त्यात हा मधला मालक नसतो. 'जामी' नावाचं एक सॉफ्टवेअर असंच आहे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलला जन्मलं, पूर्वी त्याला 'रिंग' म्हणत, २०१८ साली नाव बदललं. स्वाहिली भाषेत 'जामी' म्हणजे समाज. यात प्रत्येक माणसाला चाळीस अक्षरी पत्ता असतो, आणि निरोप या माणसाकडून थेट त्या माणसाकडे जातो. दिल्लीत बसून गावाचा कारभार करू नका, हे ज्या जिल्ह्याने सेवाग्रामात आणि पवनारात इतकी वर्षं ऐकलं, त्या जिल्ह्याला ही कल्पना समजावून सांगायला नको.

पण स्वराज्याची एक अडचण असते. मालक गेला की मालकाचा कारकूनही जातो. इथे 'पासवर्ड विसरलात?' असं मायेनं विचारणारं कोणी नाही. खात्याची किल्ली तुमच्याच फोनमध्ये. तिची प्रत तुम्ही जपली नसेल आणि फोन नाल्यात पडला, तर खातंही नाल्यातच गेलं. तक्रार करायला खिडकी नाही आणि खिडकीमागे माणूसही नाही. उरते ती एक माहितीपुस्तिका. घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी, आणि वडीलधाऱ्या माणसासारखीच कोणी न वाचलेली. म्हणून तिच्यात जे लिहिलंय ते बरोबर असलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. यावर तीन आक्षेप घेतले जातात. तिन्ही मी रोज ऐकतो.

पहिला आक्षेप माझ्या पुण्याच्या पुतण्याचा. तो संगणकातलाच. "काका, भाव कळला की झालं. एका अक्षरानं काय बिघडतं?"

काय बिघडतं ते सांगतो. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहायला गेले, त्याचं नाव सेगाव. आणि नागपूर-मुंबईच्या रेल्वेवर, गजानन महाराजांचं गाव म्हणून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेलं शेगाव. फरक एका अक्षराचा. इंग्रजीत लिहिलं तर तेवढाही नाही, एक 'एच' घातला की वर्धा जिल्ह्यातून थेट बुलढाणा जिल्ह्यात. व्हायचं तेच झालं, टपालाचा घोळ सुरू झाला. देशाच्या राजकारणाची पत्रं सेगावऐवजी शेगावला! तेव्हा 'पोस्टमास्तरसाहेब, जरा भाव समजून घ्या' असं कोणी म्हटलं नाही. १९४० साली सबंध गावाचं नाव बदलून सेवाग्राम करण्यात आलं. एका अक्षराच्या दुरुस्तीसाठी गावच्या गाव नव्यानं बारसं करून घेतं, आणि आमच्या पुतण्याला एक ओळ बदलणं जड जातं!

बरं, पोस्टमास्तर निदान माणूस असतो. यंत्राला भाव कळत नाही, त्याला फक्त अक्षर कळतं. आपण कुठल्या पानावरून इकडे आलो, हे वेबच्या यंत्राला सांगणारा एक शब्द आहे, 'रेफरर'. इंग्रजी शब्दकोशात त्यात चार 'आर' असतात. पण नव्वदच्या दशकात ज्यांनी तो नियमांत लिहिला, त्यांच्या हातून एक 'आर' गळाला. १९९६ च्या नियमपत्रात तो तसाच छापला गेला, आणि तोवर जगभरच्या यंत्रांनी तो पाठ करून टाकला होता. आता दुरुस्त करायचा म्हणजे सारं जग थांबवायला हवं. म्हणून तो आजतागायत तीन 'आर'वर लंगडतो आहे. त्या दिवशी आमच्यापैकी एखादा पत्रावळीवाला तिथे असता तर?

दुसरा आक्षेप जरा हुशार आहे. म्हणे, "हे काम आता यंत्रच करतं. लाल रेघ मारून दाखवतं."

मारतं ना. पण चुकलेल्या शब्दाखाली मारतं. चुकीच्या जागी बसलेल्या बरोबर शब्दाखाली मारत नाही. एका पुस्तिकेत (कोणत्या ते सांगत नाही, उगीच बिचाऱ्यांची शोभा नको) फोन बदलताना काय करावं ते लिहिलं होतं. म्हणायचं होतं, 'नव्या फोनवर खातं उघडेपर्यंत जुनं पुसू नका.' छापलं होतं, 'जुनं आता पुसा.' इंग्रजीत 'नॉट' आणि 'नाउ' यांत शेवटच्या एका अक्षराचा फरक. दोन्ही शब्द शुद्ध, वाक्य शुद्ध, व्याकरण सोवळ्यात! लाल रेघेनं डोळा मिटून घेतला. पण त्या ओळीवर विश्वास ठेवून एखाद्या बाईनं जुनं खातं पुसलं असतं, तर परदेशातल्या मुलाशी जोडलेली तिची एकमेव वाट कायमची बुजली असती, आणि दाद मागायला खिडकीही नव्हती. ही चूक सापडायला जुना आणि नवा असे दोन फोन समोर ठेवून, एकेक पायरी करून पाहणारा रिकामटेकडा माणूस लागतो. मग त्यानं दुरुस्ती पाठवायची: जुनी ओळ लाल, नवी ओळ हिरवी, खाली कारण. कुठल्यातरी खंडातला कोणी अनोळखी गृहस्थ ती पाहतो आणि स्वीकारतो. एका अक्षराचा हा सारा खटाटोप. मोबदला म्हणून 'थँक्स', तोही नेहमी मिळतोच असं नाही.

तिसऱ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे, आणि ते मी मान्य करतो. दर ऑक्टोबरात 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा एक उत्सव असतो. २०२० साली त्यात चार दुरुस्त्या पाठवणाऱ्याला टी-शर्ट मिळे. मग काय! लोकांनी चांगल्या वाक्यांत 'उत्कृष्ट' हा शब्द घुसवला, स्वल्पविराम इकडचा तिकडे केला, आणि सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांना कचरा उपसता उपसता नको झालं. शेवटी ऐन उत्सवात आयोजकांना नियम बदलावे लागले. तेव्हापासून काना-मात्रा सुधारणारा दिसला की 'आला टी-शर्टवाला' म्हणतात. पण देवळात चपला चोरणारे येतात म्हणून कोणी भक्तांवर बंदी घालत नाही. शिवाय टी-शर्टसाठी इतकी लाचारी कशाला? त्यापेक्षा गोरसपाक तरी मागावा.

आता एक खुलासा, नाहीतर शुद्धलेखनाचे सोवळे लोक मला आपला समजून मिठी मारतील. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, असे अठरा नियम खिशात घालून दुसऱ्याच्या पत्रावर लाल पेन्सिल चालवणाऱ्यांतला मी नव्हे. सेलूची मावशी 'पानी आलं नाई' असं लिहिते तेव्हा तिचं पाणीच आलेलं नसतं, 'ण' कुठला आणणार? तो निरोप तिचा आहे, तिनं हवा तसा लिहावा. माझा आग्रह आहे तो निरोपाच्या वाटेवर लावलेल्या पाट्यांबद्दल. वाटसरूनं वाकडं चालावं, नाचत चालावं. पाटीनं मात्र सरळच सांगावं.

गांधीजींच्या आग्रहावरून गुजरात विद्यापीठानं १९२९ साली 'जोडणीकोश' काढला, गुजराती शब्द एकाच रीतीनं लिहावेत म्हणून. पुढच्याच वर्षी मिठाचा सत्याग्रह. साम्राज्याशी लढायला निघालेल्या माणसाला ऱ्हस्व-दीर्घासाठी सवड होती! आणि इथूनच जवळ सुरगावात विनोबा रोज चालत जाऊन सफाई करत. त्यांना कोणी 'तुम्ही गीतेचे पंडित, झाडू काय मारता?' असं म्हटलं असेलही. झाडू काही थांबला नाही. परदेशातही जाणते आहेत. डोनाल्ड क्नूथ या थोर संगणकशास्त्रज्ञानं आपल्या पुस्तकातली चूक दाखवणाऱ्याला दोन डॉलर छप्पन सेंटचा चेक द्यायची प्रथा पाडली. लोक तो वटवत नसत, चौकटीत घालून भिंतीवर लावत. २००८ पासून तर ते खऱ्या चेकऐवजी एका काल्पनिक बँकेचं प्रमाणपत्र देतात, आणि त्याचीही किंमत कमी झालेली नाही.

आमचे शेजारचे दुकानदार परवा विचारत होते, "गुरुजी, ते लोक तुमाले काय देते?"

"काही नाही."

"मंग त्याईच्या चुका तुमी कायले सुधरवून राहिले?"

मी म्हटलं, "शेठ, तुमच्या दुकानासमोर खड्डा पडला आणि नगरपालिकाच नसली, तर तो कोणी बुजवायचा?"

"ज्याले दिसला त्यानं," ते म्हणाले, आणि साखर तोलू लागले.

पुतण्याला एवढं जरी कळलं, तरी माझी हमाली फुकट गेली नाही.